तिला न विचारता घेतलेली माफी

मी दात आहे, मित्रांनो, आणि चांगला जुना आहे. हसू नका. तुमच्या तोंडातल्या दातांशी माझी तुलना करू नका. मी वीतभर लांब आहे आणि एका भल्यामोठ्या देवमाशाच्या जबड्यात उगवलो. एका वादळानंतर तो देवमासा किनाऱ्याला लागून मेला. माणसांनी मला उपटलं, खोबरेल तेल चोळलं, धुरावर धरलं आणि दोन भोकं पाडून काथ्याची जाड वेणी ओवली. तेव्हापासून फिजीतले लोक मला तांबुआ म्हणतात, आणि मी चटईवर आलो की बोलणाऱ्यांचे आवाज आपोआप खाली येतात.

माझं काम एकच. दोन्ही हातांत मला धरून जे मागितलं जातं, ते मला घेणाऱ्याला मोडता येत नाही. माझ्यापायी लग्नं ठरली. माझ्यापायी भावाभावांमधली वीस वर्षांची भांडणं एका बैठकीत मिटली. या सगळ्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? पण फार पूर्वी एका सरदाराने मला पाठवून दुसऱ्याकडून एक काम करवून घेतलं होतं. ते काम काय, हे मी मुलांना सांगणार नाही. मला घेणाऱ्याचे हात थरथरत होते, आणि तरीही त्याने मला घेतलं. ते हात माझ्या अंगावरून अजून गेलेले नाहीत.

पुढे मी म्हाताऱ्या इलियेसाच्या घरी आलो आणि त्याच्या पत्र्याच्या पेटीत पडून राहिलो. वर चादरी, डांबराच्या गोळ्या, मुलांचे जुने फोटो. वर्षांमागून वर्षं गेली. मला वाटायचं, जग आपल्याला विसरलं.

म्हणून त्या शनिवारी सकाळी पेटी उघडली, तेव्हा मी हरखून गेलो. इलियेसाने मला तेल लावलं, काथ्या झटकला. कुठे न्यायचं, कशासाठी, हे मी विचारलंही नाही. आपली आठवण झाली एवढ्यावरच मी खूश होतो. त्या खुशीची मला आज लाज वाटते.

मला शेजारच्या गावी एमोसीच्या घरी नेलं. एमोसी नावाडी, बायको वारलेली, चर्चमध्ये मान असलेला माणूस. एका बाजूला तो आणि त्याचे दोन भाऊ बसले. दुसऱ्या बाजूला इलियेसा, पुढ्यात बैठकीत घोटून प्यायच्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी, आणि अगदी मागे मान खाली घालून त्याचा पुतण्या पेनाया. पेनाया किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत मुकादम होता. एमोसीची मुलगी वासिती त्याच्याच हाताखाली चादरी घड्या घालायची. ती मात्र बैठकीत नव्हती. पडद्याआड बसून पाहुण्यांसाठी नारळ खवत होती.

इलियेसाने मला उचलून धरलं. "पोराच्या हातून चूक झाली. थट्टा जरा जास्त झाली. पोरीने हॉटेलच्या ऑफिसात लेखी तक्रार दिलीय, गुरुवारी चौकशी आहे. नोकरी गेली तर पोराचं घर बसेल. हा दात घ्या, एमोसी, आणि हे इथंच पुरून टाका."

एमोसीने क्षणभर पडद्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे करून मला घेतलं. सगळ्यांनी ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या. पडद्याआड नारळ खवण्याचा आवाज थांबला. मागे बसलेल्या पेनायाने सुस्कारा सोडला आणि खिशातून फोन काढून बघू लागला.

पाहुणे गेल्यावर वासिती बाहेर आली. बापाला ती 'ता' म्हणते.

"ता, हात माझ्या अंगाला लावला, आणि माफ तुम्ही केलंत?"

"थट्टा होती म्हणतोय ना तो."

"थट्टेत दोघं हसतात, ता. चादरींची गाडी जाईल एवढी जागा असताना तो मला घासून जातो. कमरेला हात लावतो. मी दूर झाले की म्हणतो, गोड बोलशील तर सकाळची पाळी, नाहीतर रात्रीची. मी दोनदा तोंडावर सांगितलं, मला हे आवडत नाही. ऐकलं नाही, म्हणून लिहून दिलं. तारखा दिल्या. त्याचे शब्दसुद्धा जसेच्या तसे दिले, लिहिताना माझाच हात अडखळत होता. आणि तुम्ही एका दातावर सगळं पुसलंत!"

"घेतलेला तांबुआ परत करतात का कुणी? माझं तोंड काळं होईल. गुरुवारी तू जायचं नाहीस."

मी त्याच्या मांडीवर होतो. मित्रांनो, मला तेव्हा कळलं, की मी कशावर झाकण ठेवून बसलो आहे.

वासितीने तक्रार मागे घेतली. मला भिंतीवर खिळ्याला टांगलं. रोज कामावर जाताना ती मला उलटं, भिंतीकडे तोंड करून ठेवायची. दुपारी एमोसी समुद्रावरून आला की मला सरळ करायचा. दोघं त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. तसं ती घरात कशाबद्दलच फारसं बोलत नसे. कामावरून आली की कोपरापर्यंत हात घासून घासून धुवायची आणि ताटातला उकडलेला कसाव्याचा कंद तसाच टाकून उठायची. मी टांगल्या जागी बघत राहायचो. त्या सरदाराच्या वेळचे हात मला भरदिवसा दिसायला लागले. तेव्हाही मी नुसता मधे होतो, आणि आताही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी प्रेमिला आली. ही लाँड्रीतली सर्वांत जुनी बाई, भारतातून ऊस तोडायला आलेल्यांच्या वंशातली. वासिती तिला दीदी म्हणते. ती दारातच उभी राहिली. एमोसीने चहा विचारला तर म्हणाली, "चहा राहू दे, एमोसीभाऊ. आधी ऐका. तुमच्या पोरीला त्याने आता एकटीला चादरींच्या कोठारात कामाला लावलंय. काल तिथं जाऊन काय म्हणाला माहितीय? 'आता काय, आपण एका चटईवरची माणसं. तुझ्या बापाने माझा दात घेतलाय.' मी दाराशी टॉवेलांची गाडी घेऊन उभी होते. या कानांनी ऐकलं."

एमोसीने हातातला कप खाली ठेवला.

"तुम्ही पुरुष माणसं चटईवर बसलात, मिटवलंत. तुमचं मिटलं. तिचं चालूच आहे. आणि परवापासून नवीन पोरगी आलीय, अठराची. तिच्याही मागेपुढे घोटाळतोय. हेच सगळं त्याने माझ्याशीही केलं होतं, मी नऊ वर्षं हसण्यावारी नेलं. म्हटलं, पोरंबाळं आहेत, नोकरी टिकवू. मी तेव्हा बोलले असते तर तुमच्या पोरीवर ही पाळी आली नसती. ऑफिसातल्या बाईंना विचारून आलेय. मागे घेतलेली तक्रार पुन्हा देता येते, चौकशी येत्या गुरुवारी होईल. या वेळी मी साक्ष देणार. तुम्ही फक्त तिच्या आडवे येऊ नका."

ती गेल्यावर एमोसी उठला, मला खिळ्यावरून काढलं आणि टॉवेलात गुंडाळलं. वासिती कामावरून येताच तिला म्हणाला, "चल."

"कुठं?"

"माझी चूक परत करायला."

बसमध्ये मी त्याच्या मांडीवर होतो. ओळखीचे लोक विचारत होते, कुणाचं लग्न, एमोसी? तो मान हलवत होता. इलियेसाच्या दारात पोहोचेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं, की कुणीतरी तांबुआ परत घेऊन आलंय. असं त्या गावात कधी घडलं नव्हतं. लोक खिडक्यांशी गोळा झाले. पेनायाला कुणीतरी बोलावून आणलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

इलियेसा संतापला. "माझ्या घराचा अपमान करायला आलास?"

"अपमान माझाच आहे," एमोसी म्हणाला. त्याने मला चटईवर ठेवलं आणि आपले हात मागे घेतले. "तुम्ही मला मागितलंत, मी दिलं. पण ते माझं नव्हतंच. दुखलं तिला होतं. मला विचारायला आलात तेव्हा ती पडद्याआड होती आणि मी तिला हाक मारली नाही."

इलियेसा म्हातारा होता, पण दगड नव्हता. त्याने पेनायाकडे पाहिलं. पेनाया खिडकीबाहेर बघत होता. मग इलियेसाने मला उचललं, गुडघ्यांवर सरकत पुढे आला आणि मला वासितीच्या समोर ठेवलं. शेकडो बैठका मी पाहिल्या होत्या. पोरीसमोर मला ठेवलेलं मी पहिल्यांदाच अनुभवत होतो.

सगळे तिच्या हातांकडे बघत होते. एमोसीसुद्धा. मीसुद्धा. सवय वाईट असते, मित्रांनो. माझ्या मनात आलंच, की घेईल आता, आणि सगळं सुरळीत होईल.

वासितीने हात मांडीवरच ठेवले.

"इलियेसा आजोबा, तुमच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली. "पण मी आज हा घेणार नाही. गुरुवारी ऑफिसात मी सगळं सांगणार. प्रेमिलादीदी सांगेल. तिथं जे ठरेल ते ठरेल. त्यानंतर त्याला माफी मागावीशी वाटली तर त्याने स्वतः यावं, स्वतःच्या तोंडाने काय केलं ते बोलावं. घ्यायचं की नाही, ते मी तेव्हा बघेन."

आणि ती उठली. बापासाठी थांबली, आणि दोघं बसच्या थांब्याकडे चालत गेली. मी चटईवर तसाच पडून होतो. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी घेतलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं.

गुरुवारी चौकशी झाली. ती नवीन पोरगीही बोलली. पुढच्या सोमवारी पेनाया कामावरून घरी आला तो कायमचाच. वासिती अजून तिथे काम करते, सकाळच्या पाळीला, असं इलियेसाच्या सुना बोलताना मी ऐकलं. ती पूर्वीसारखी हसते का, हे मात्र कुणी सांगितलं नाही, आणि ते मला रोज छळतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मी पुन्हा पेटीत आहे. झाकण उघडलं की मला वाटतं, पेनाया आला असेल. पण कुणीतरी चादर काढतं आणि झाकण पुन्हा पडतं.

मित्रांनो, तुमच्या गावात मी नसेन. पण मोठी माणसं तिथेही बसतील, चहा होईल, आणि कुणीतरी म्हणेल, जाऊ दे, मिटवून टाकू. तेव्हा तुम्ही लहान असलात तरी उठा आणि आतल्या खोलीत जाऊन बघा. जिचं दुखलं ती तिथे एकटी बसली असेल. तिला बाहेर बोलवा. ती बोलेपर्यंत कुणालाही हात पुढे करू देऊ नका.