सत्याण्णवावर थांबणारा पारा

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे आणि मी सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. तरी उद्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी तुम्ही मला पुसायला घेतलंच आहे, तर पुसता पुसता ऐका.

चाळीसगावजवळच्या या शाळेत मी आलो तेव्हा लाकडी पेटीत, कापसावर झोपून आलो. जन्मापासून माझ्यात एक खोट आहे. पाणी कितीही खळखळलं तरी मी सत्याण्णवावर थांबतो. वीस वर्षं ही गोष्ट कुणाला कळली नाही. कारण मुलं मला पाण्यात बुडवायची आणि माझ्याकडे न बघताच ‘शंभर’ लिहायची. पुस्तकात तसं छापलेलं होतं ना. आमचे हितेंद्र सरही सांगायचे, बाहेरून परीक्षक येतात, उगाच घोळ नको, शंभरच लिहा.

मग दहावीत मेघा आली. विज्ञानात ती काठावर होती. या प्रयोगाचे पाच गुण गेले तर नापास, आणि नापास झाली तर शाळा बंद, असं घरी ठरलेलं. त्या दिवशी ती माझ्यापुढे वाकली. इतकं जवळून मला कधी कुणी पाहिलं नव्हतं. तिनं सत्याण्णव लिहिलं.

शेजारची दिपमाला कुजबुजली, “येडी, शंभर लिखी टाक. बठ्ठास्नी तेच लिखेल शे.”

सगळ्यांनी तेच लिहिलं होतं खरं, पण मेघानं आकडा खोडला नाही.

वरणगावहून आलेले परीक्षक प्रेमराज सर तिच्या कागदाशी थांबले. पाणी किती अंशांना उकळतं हे माहीत नाही का, म्हणाले.

“शंभरला, सर. पण हा सत्याण्णव दाखवतो. मी याला पाहिलं.”

सरांनी स्पिरिटचा दिवा पुन्हा पेटवायला लावला. वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटला, तो पुसून ते परत वाकले. मी सत्याण्णवावर उभा. मग त्यांनी मेघाला पाचपैकी पाच दिले आणि बाकीच्या एकोणतीस जणांना माझ्यासमोर रांगेत उभं केलं. प्रत्येक जण वाकला. एवढे डोळे, आणि सगळे माझ्यावर. माझ्या काचेत त्या दिवशी काय झालं, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, म्हणून एकच मागणं आहे. मला जपून धुवा, आणि लिहिण्याआधी माझ्याकडे एकदा बघा.

तर त्या दिवशी कौतुकानं मी असा फुललो, असा फुललो, की माझा पारा सरसर चढत थेट एकशेवीसच्या आकड्यावर जाऊन बसला. सगळ्या वर्गानं पाहिलं.

मला पुसणारी पुनम थांबली. तिनं मला उजेडात धरलं, अगदी डोळ्यांजवळ.

“आबा,” ती म्हणाली, “तुमचे आकडे एकशेदहालाच संपतात.”