राणी रंगाचा दोरा

मी एक फिरकी आहे, पतंगाचा दोरा गुंडाळायची. पतंग वर गेला की सगळ्यांच्या माना वर जातात. ज्याच्या हातात दोरा असतो त्याला शाबासकी मिळते. जो फिरकी धरतो त्याला ओरडा मिळतो. माझ्याकडे तर कोणीच पाहत नाही. पण जिच्याकडे कोणी पाहत नाही तिला पुष्कळ दिसते. त्यातले एवढे एक सांगते.

सुरतेच्या एका लाकूड कातणाऱ्या खरादीने मला घडवले. दोन लाकडी चकत्या, मधे बांबूच्या कांबी, दोन्ही टोकांना मुठी. डबगरवाडच्या पतंगबाजारातल्या एका दुकानात मी टांगलेली होते. शहरावर चौऱ्याण्णव साली प्लेगची साथ येऊन गेली, त्यानंतरची ती पहिली संक्रांत. भीतीने गावी गेलेली माणसे परतली होती, आणि जिवंत राहिल्याचा आनंद त्या चिंचोळ्या बाजारात मावत नव्हता.

पांडेसऱ्याच्या एका कापड गिरणीच्या रंगखात्यात काम करणाऱ्या सुपडू यांनी मला निवडले. गळ्यात तुळशीची माळ, नखांत कधीही न निघणारा निळा रंग. सोबत त्यांची नऊ वर्षांची मुलगी हर्षदा. तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि घरापर्यंत खाली ठेवले नाही.

हे कुटुंब खानदेशचे. घरात अहिराणी बोलत. मी सुरतेची, पण प्रेमाने बोललेली भाषा समजायला वेळ लागत नाही.

मांजा त्यांनी घरीच केला. भाताची खळ, कुटलेली काच आणि रंग. रंग कारखान्यातला होता. पिपाच्या तळाशी उरलेला राणी रंग सुपडू यांनी रंगखात्याच्या मास्तरांना विचारून आणला. विचारल्याशिवाय त्यांनी तिथून कधी चिंधीसुद्धा आणली नव्हती. तो झगझगीत गुलाबी रंग आसपासच्या चार गल्ल्यांत दुसऱ्या कोणाच्याही दोऱ्याला नव्हता. हर्षदाला त्याचा फार अभिमान वाटे.

तिची आई उषाबाई दारात बसून साड्यांचे धागे कापत होत्या. भरतकाम केलेल्या साडीच्या पाठीमागे सुटे धागे लोंबतात. ते चिमटीतल्या लहान कातरीने कापण्याचे काम सुरतेत घरोघर चालते.

"मी दिवसभर दोरे कापस, आन तुम्ही बापलेक कापणारा दोरा करतस," त्या म्हणाल्या. "चांगलं शे!"

सुपडू हसले. पण त्या बोलण्याची बोच त्यांना लागली असावी. त्यांनी मुलीला एक नियम घातला. सूर्य कलला की दोरा गुंडाळायचा. "त्या येळले पाखरे घर जातस," ते म्हणाले. हर्षदाने मान डोलावली. मान डोलावणे फार सोपे असते.

संक्रांतीचा दिवस आनंदात गेला. तिळगूळ, ऊस, गच्चीवर आरडाओरडा. समोरच्या घरातले काशिनाथ सुपडूंच्याच खात्यात कामाला होते; जिभेला हाड नसलेला पण मनाने निर्मळ माणूस. त्यांचे तीन पतंग हर्षदाने कापले. "सुपडू, तुझी पोर आहे की करवत?" ते ओरडले.

सूर्य कलला. खाडीकडे पक्षी परतू लागले. "हर्षदा, गुंडाळ," वडील जिन्यातून म्हणाले.

"आबा, बस, एक ज पेच!"

माझ्यावरून दोरा सरसर सुटत राहिला. मला थांबता येत नाही. मी फक्त फिरू शकते. अचानक मला हिसका बसला. पतंगाचा नव्हता तो. दोरा तुटला आणि शेजारच्या पत्र्यावर काहीतरी आपटले.

मातकट रंगाचा, लांब चोचीचा एक पक्षी होता. पंखात दोरा रुतला होता. हर्षदा धावली. तिने आधी पक्षी उचलला नाही. हे मला सांगितलेच पाहिजे. तिने आधी दोऱ्याचे लोंबते टोक दातांनी तोडायचा प्रयत्न केला, रंग दिसू नये म्हणून.

वडील वर आले. त्यांनी पंख पाहिला, मग माझ्यावरचे तुटके टोक पाहिले.

"दोरा कोना शे?" त्यांनी विचारले. आवाज चढवला नाही.

"काय माहीत! सगळेच उडवत आहेत."

डोक्यावरचा गमछा सोडून त्यांनी पक्ष्याला अलगद गुंडाळले. गमछ्यातून राणी रंगाचा एक धागा बाहेर लोंबत राहिला. चार पायऱ्या उतरेपर्यंत हर्षदाला तो पाहवला. पाचव्या पायरीवर ती म्हणाली, "मना शे, आबा."

"मंग जखमबी आपली," ते म्हणाले. "चल, दिवा धर."

उषाबाईंनी कातर घेतली. ज्या हातांनी आजवर हजारो साड्यांचे धागे काढले पण कापडाला कधी टोचा लावला नाही, त्या हातांनी पिसांतून काचेचा दोरा वेगळा केला. एक पीससुद्धा तुटले नाही. जखमेवर हळद दाबली. साड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यात पक्ष्याला ठेवले. जनावरांचा दवाखाना बंद होता; सुरतेत उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, दुसरा दिवसही सणाचाच.

मग या भल्या माणसांनी एक चूक केली. त्यांनी या पाहुण्या पक्ष्याला स्वतःचे जेवण वाढले.

दूध-भाकरी झाली. मुगाची खिचडी झाली. हर्षदाने आपल्या वाटणीचा तिळगूळ चोचीपुढे धरला. पक्ष्याने एकाही पदार्थाकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची मान कलली. डोळ्यांवर पडदा येऊ लागला.

"आबा, तो मरेल," हर्षदा म्हणाली. "मी मारलं असं होईल ना?"

वडिलांनी खोके उचलून सावलीत ठेवले.

तेवढ्यात काशिनाथ डोकावले. ते तापीकाठच्या गावचे. पक्षी पाहून कपाळावर हात मारून हसले.

"अरे माळकरी, तिले एकादशी घडवी राहिना का? ढोकरी शे ती, बगळानी जात. डबक्यातली बाई! तिले जिता मासा पाहिजे."

सुपडूंनी माळ घातल्यापासून पंधरा वर्षे त्या घरात मासळीचे नावही निघाले नव्हते. बाजारात मासळीची रांग आली की उषाबाई रस्ता बदलत.

"या घरमा मासा?" त्या म्हणाल्या. "देव समोर शे."

सुपडू देवासमोर बसले. माळेचा मणी त्यांनी दोन बोटांत धरला. आत खोक्यात काहीही हलत नव्हते. हर्षदा मला मांडीवर घेऊन बसली होती.

मग ते उठले. "माळ मना गळामा शे," ते म्हणाले. "तिना गळामा नही."

एवढे बोलून त्यांनी पिशवी घेतली. हर्षदा मागे धावली.

बाजारातली हकीकत तिने परतल्यावर आईला सांगितली, तीही हसत. माळ पाहून मासळीवालीला वाटले, हा वाट चुकला; तिने विचारले, "ओ माळावाळा भाई, भूला पड्या के शुं?" सुपडूंनी मान खाली घालून, स्वतःसाठी नाही असे सांगत, जिवंत लहान मासे मागितले: "बेन, जीवती नानी माछली आपो. मारा माटे नथी." त्यावर ती म्हणाली, "बधा एम ज कहे छे!" सगळे असेच म्हणतात म्हणे! सारी रांग हसली. पण लहान मासे तिने मूठभर जास्तच घातले.

घरी परातीत पाणी ओतून मासे सोडले. सुपडूंनी आधी त्या माशांना हात जोडले. एका जिवाचे ऋण दुसऱ्या जिवाने फेडणे त्यांना सोपे वाटले नाही, आणि वाटूही नये. उषाबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला.

ढोकरीने मान हळूच उचलली. क्षणभर ती दगडासारखी स्तब्ध राहिली. मग चोच अशी सुटली की पाणी हर्षदाच्या तोंडावर उडाले.

"खाल्ला! आबा, खाल्ला!"

पदराआडून आवाज आला, "आखो एक दे व तिले. भुकेली शे बिचारी."

दाराशी उभे असलेले काशिनाथ हसून हसून खाली बसले. ती परात मात्र उषाबाईंनी पुन्हा कधी स्वयंपाकघरात घेतली नाही. नियम मोडला, पण त्याचा मान राखला.

तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. डॉक्टरांनी औषध दिले आणि उषाबाईंच्या कातरीचे कौतुक केले. अकराव्या दिवशी सकाळी बापलेक खोके घेऊन खाडीवर गेली. मीही होते, हर्षदाने मला मुद्दाम नेले होते. ढोकरी काठावर उतरली, मातीच्या ढेकळासारखी दिसली. मग तिने पंख उघडले. आतून ते शुभ्र होते. चिखलाच्या रंगात एवढा पांढरा रंग झाकलेला असतो, हे आम्हा तिघांपैकी कोणालाही माहीत नव्हते. ती खाडी ओलांडून पलीकडच्या झुडपांत गेली. सुपडूंनी हात जोडले.

हर्षदाने माझ्यावरचा राणी दोरा तिथेच उलगडला आणि काड्यांच्या जाळात टाकला. शेवटचा वेढा सुटताना मी मनात म्हटले, आता माझी पाळी. तिने विचारलेही, "हिलाबी जाळू का, आबा?"

"तिनं काय केलं? ती तर फिरणारी. थांबणं तुन्हा हातमा होतं."

तेव्हापासून माझ्यावर साधा पांढरा दोरा आहे. त्याने पेच जिंकता येत नाही. हर्षदाचा पतंग दर संक्रांतीला सर्वांत आधी कटतो आणि काशिनाथ दरवर्षी न चुकता विचारतात, "काय सुपडू, आज मासळी कोणती?" सारी गल्ली हसते, सुपडूही हसतात. पण सूर्य कलला की हर्षदा गच्चीच्या कठड्याशी उभी राहते आणि ओरडते, "गुंडाळा! पाखरे घर जातस!" पहिल्या वर्षी कोणी ऐकले नाही. दुसऱ्या वर्षी काशिनाथांनी ऐकले. आता अख्खी गल्ली ऐकते.

माझी एक कांब तडकली आहे, मुठी गुळगुळीत झाल्या आहेत. बांबूच्या फटीत राणी रंगाचा बोटभर तंतू अजून अडकलेला आहे. तो हर्षदाने काढला नाही. मीही सोडलेला नाही. आठवण असावी.

वाचकहो, पतंग अवश्य उडवा. देवाने वारा तुमच्यासाठीही दिला आहे. मात्र काचेचा दोरा घेऊ नका, आणि संध्याकाळ होताच मला गुंडाळा. मी भरलेली असते, तेव्हाच आभाळ मोकळे असते.