बावीस नंबरच्या खोलीतला पलंग

मी पलंग बोलतोय. मालिंदीच्या किनाऱ्यावरच्या कुसी हॉटेलातला, बावीस नंबरच्या खोलीतला. जरा हळू बोलतो. झोपलेल्या माणसांच्या सोबतीत साठ वर्षं काढली की आवाज आपोआप खाली येतो.

मी म्वुलेच्या लाकडाचा. झाड असतानाचं फारसं आठवत नाही, फक्त वारा आठवतो. त्यानंतर आठवतो तो करीसा म्वारिंगा. इथल्याच गिर्यामा जमातीचा सुतार, विशीतला, रंधा मारताना दातांत काडी धरणारा. त्यानं मला एकही खिळा मारला नाही. "समुद्राची हवा खिळे खाते," म्हणायचा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवली, त्यात पाचर ठोकली आणि पाचरेच्या तोंडावर वेलीचं पान असं कोरलं, की ती डोळ्यांना दिसूच नये.

हॉटेलात मला पुढच्या दारानं नेलं, चार हमालांनी उचलून. करीसा मागोमाग निघाला, तर दारावरच्या गोऱ्या साहेबानं त्याला स्वयंपाकघराच्या बाजूला पिटाळलं. मला कुठं ठेवलं, ते त्यानं पाहिलंच नाही. पुढे खोलीत न्हाणीघर बांधलं, दार अरुंद झालं आणि मी आत राहिलो तो राहिलोच.

किती माणसं आली! प्रत्येकजण आधी माझ्यावर बसून थोडं उसळून बघतो. मग नवराबायको खिडकीची बाजू कोणाची यावरून कुरकुरतात. नैरोबीची एक बाई आल्या आल्या जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली, आणि इतकं झोपायला मिळालं म्हणून रडली. दुपारी भरतीचं पाणी वाळूवर चढतं, पडदे फुगतात, आणि झोपलेलं माणूस हळूहळू जड होत जातं. स्वप्नाला वजन असतं, हे मला तेव्हा कळलं.

काद्झो ही करीसाची मुलगी. सत्तावीस वर्षं तीच माझ्यावर चादर घालते. करीसा घरी सांगायचा, "त्या हॉटेलातला मोठा पलंग मी केलाय." सगळे हसायचे. काद्झोही हसायची, पण मान खाली घालून.

गेल्या वर्षी खोल्या नव्या करायच्या ठरल्या. ओमारी मिस्त्रीनं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ना खिळा, ना स्क्रू. दारातून जाणार नाही. मधोमध करवत लावू."

"लावा," मॅनेजर झुहुरा मॅडम म्हणाल्या. "नवे पलंग शुक्रवारी येतायत."

काद्झो उशांचे अभ्रे काढत होती. तिचे हात थांबले.

"मॅडम, माझे वडील म्हणतात, हा त्यांनी केलाय."

ओमारी हसला. "मालिंदीतला प्रत्येक म्हातारा काही ना काही म्हणतो. माझ्या आजोबांनी म्हणे बंदराचा धक्का एकट्यानं बांधला."

"तुझा विश्वास आहे?" मॅडमनी विचारलं.

काद्झोनं हातातला अभ्रा खाली ठेवला. "नाही. पण ते खोटे ठरायचेच असतील तर एकदाच ठरू देत. आयुष्यभर थोडे थोडे नकोत."

वडिलांना घेऊन यायला मॅडमनी एक दिवस दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखालून आवाज आला. साठ वर्षांनीही मी तो ओळखला.

"काद्झो, मागचं दार कुठल्या अंगाला?"

"पुढूनच यायचं, बाबा."

"बघ हं. परत पाठवलं तर फजिती तुझी."

कोणी पाठवलं नाही. तो आत आला तेव्हा त्याचे डोळे दुधासारखे पांढरे झाले होते. त्यानं माझ्यावर तळवे ठेवले आणि सावकाश पायथ्यापासून उशापर्यंत आला. "पॉलिश हलकं मारलंय कोणीतरी," म्हणाला. मग त्याचा अंगठा वेलीवरून फिरत बरोबर त्या पानावर थांबला. त्यानं ओढलं.

पाचर हलली नाही.

ओमारीनं करवत एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काद्झो जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, अंग सैल सोडावं. पण खाऱ्या हवेनं मी फुगलो होतो. माझ्या हातात काय होतं?

"खोबरेल आण, पोरी," करीसा म्हणाला. "आणि बसा सगळे. लाकडाला घाई कळत नाही."

तेल चोळून तो जमिनीवर बसून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं ओमारीकडून लाकडी हातोडी मागून घेतली आणि तीनदा, अगदी दार वाजवावं तशी, टकटक केली. पाचर निघाली. माझी उशाकडची फळी अलगद त्याच्या हातात आली.

ओमारीनं टोपी काढली आणि वडीलधाऱ्याला मानानं हाक मारतात तशी मारली. "म्झे, परत जोडता येईल?"

"तू जोड. मी सांगतो."

जोडून झाल्यावर मॅडमनी स्वतः माझा सांधा चाचपून पाहिला. "हा इथंच राहील," त्या म्हणाल्या. "आणि आज ही खोली तुमची, म्झे."

"खोलीत मी काय करू?"

"पाहुणे काय करतात? झोपा."

काद्झोनं चादर घातली. तो आडवा झाला. गादी फार मऊ आहे म्हणून कुरकुरला.

"बाबा, मी कधी खरं मानलं नाही," ती म्हणाली.

"मलाही हल्ली शंका यायला लागली होती," तो म्हणाला, आणि बोलता बोलता झोपला.

ती आधी खुर्चीवर बसली, मग माझ्या कडेवर. मग कामाच्या कपड्यांतच आडवी झाली. पडदे फुगले. समुद्र वर आला. बाप आणि लेक दोघंही जड होत गेली, आणि इतकं वजन मी पूर्वी कधी उचललं नव्हतं.

करीसा यंदा गेला. मी आहे. माझे सांधे घट्ट आहेत, पॉलिश आता चांगलं आहे. तुम्ही इकडे आलात तर दुपारी झोपा, खिडकी उघडी ठेवून. चादर घालायला जी बाई येईल तिला नाव विचारा. तेवढं अजून फारसं कोणी विचारत नाही. मग डोळे मिटा. मी आहे खाली.