दुसरा लेप

मुलुंडच्या एका कारखान्यात क्रेनचे हूक घडत. माल न मोडता त्यातला दोष शोधायचा, हे गुणाजी परबाचं काम. हूक दोन तास रॉकेलात बुडवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूच्या पुडीचा पातळ लेप द्यायचा आणि थांबायचं. लोखंडात भेग असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या लेपावर काळसर रेघ उमटते. घाई केली तर काहीच दिसत नाही.

छप्पन्न सालच्या मार्चात पवईच्या खाणीला सहा हूक जायचे होते. खाणीचा माणूस श्यामकांत ट्रक घेऊन आला होता. पहिल्याच हुकाच्या बाकावर, जिथं वजन लटकतं तिथं, बोटभर रेघ उमटली.

"हा बाद," गुणाजी म्हणाला. "सहाही एकाच कांबीचे. बाकीचे थांबवा."

सुपरवायझर विद्याधरनं रेघ पाहिली, फडक्यानं पुसली आणि स्वतःच नवा लेप दिला.

"अरे, आता काय दिसणार? आतलं रॉकेल येऊन गेलं. परत बुडवायला हवा," गुणाजी म्हणाला.

"थांबा की! थांबायला तुम्हाला आवडतं ना?"

अर्धा तास गेला. लेप पांढराशुभ्र.

"काय गुणाजी," श्यामकांत हसला, "चष्मा बदला आता." आणि ट्रक मागे घ्यायला सांगायला तो बाहेर गेला.

चार वर्षांपूर्वी डिप्लोमा घेऊन आलेल्या विद्याधरला याच टेबलापाशी गुणाजीनं काम शिकवलं होतं. गुणाजी हळू आवाजात म्हणाला, "दुसऱ्या लेपावर विश्वास ठेवू नको, हे मीच तुला सांगितलं होतं ना रे?"

"हो. म्हणून तर आठवलं. करा रजिस्टरात सही."

गुणाजीनं छिन्नी घेतली आणि रेघ होती तिथंच, तिच्या दिशेनं हातोडा मारला. चांगल्या लोखंडाची ढलपी अखंड निघते. ही निघाली ती मधोमध दुभंगून.

"ह्या काय दिसता तुका?"

विद्याधरनं दोन्ही तुकडे उचलून खिशात टाकले. मग रजिस्टर ओढून लिहिलं: 'एक हूक कामगाराने छिन्नी मारून खराब केला.' भेगेचा उल्लेख नाही. उरलेल्या पाच हुकांना त्यानं रॉकेलात न बुडवताच लेप दिला. पाचही पांढरे राहिले. खाली त्यानं स्वतः सही केली.

गुणाजी धावत ट्रकपाशी गेला. "श्यामकांत, नेऊ नका हे. माणसं असतात हो खाली!"

"चांगला हूक फोडलात म्हणे, आता ट्रक अडवताय? सरका बाजूला."

ट्रक पवईकडे गेला.

संध्याकाळी गुणाजीला ऑफिसात बोलावलं. कामावरून काढल्याच्या कागदावर कारण होतं: 'माल मोडला.' कारकुनानं दौत पुढं सरकवली. गुणाजीनं तो कागद दोनदा वाचला आणि सही केली. लिहिलं होतं ते खोटं नव्हतं.