होडीत चारच जागा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझ्या पोटात दुखतं. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. माणसं असं उघड बोलत नाहीत, मी बोलतो, कारण माझ्या पोटात कोण कोण ठाण मांडून बसलंय ते तुम्हाला माहीत नाही. माहीत झालं तर तुम्हीही माझ्यासारखेच जळाल.

माझा जन्म डब्यांच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसता सपाट पत्रा होतो. डबा होण्याआधीच आमच्या अंगावर चित्र छापून घेतात. माझ्यावर छापलं ते असं: निळंशार पाणी, धबधब्यावरून खाली झेपावणारी लाल होडी आणि होडीत हात वर करून ओरडणारी माणसं. मग मला कापलं, वाकवलं, माझ्या कडा दुमडल्या. पोटात टॉफ्या भरल्या, वर झाकण दाबलं आणि आम्हा भावंडांना खोक्यात घालून एका थीम पार्कच्या दुकानात पाठवून दिलं.

मला वाटलं, झालं, आता आपल्या अंगावरची होडी आपण डोळ्यांनी बघणार. पण कसलं काय. ते दुकान पार्कच्या आत नव्हतंच. ते बाहेर पडायच्या दाराशी, गाड्या लावायच्या जागेकडे तोंड करून होतं. भिंतीपलीकडे पाणी धाडकन आपटायचं, माणसं किंचाळायची, मग खदाखदा हसायची. आणि मला काचेतून काय दिसायचं? गाड्यांच्या रांगा, आणि आपली गाडी कुठे लावली ते विसरलेले दमलेले बाप. अंगावर होडी आणि नशिबी पार्किंग. तेव्हापासून मी जळका झालो, असं समजा.

एका संध्याकाळी एक कुटुंब आत आलं. चौघेही नखशिखांत भिजलेले. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे, आई कपडे शिवणारी, मुलगी, म्हणजे ताई, मोठी आणि मुलगा, म्हणजे दादा, लहान. आईच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी म्हणे होडी खाली आपटली तेव्हा पाण्यात गेली. ती दुकानात आली सपाता घ्यायला आणि जाता जाता माझ्यावरचं चित्र बघून थबकली. "अहो, ही बघा आपली होडी," ती म्हणाली आणि तिने मला उचललं. त्या क्षणी मी किती फुगलो होतो ते विचारू नका. वाटलं, आता आपण घरात राज्य करणार.

टॉफ्या बसमध्येच संपल्या. घरी आल्यावर आईने मला पुसलं आणि त्या दिवसाच्या सगळ्या वस्तू माझ्यात ठेवल्या. "सगळी आठवण एका जागी राहील," ती म्हणाली. झालं, आयत्या बिळावर नागोबा येऊन बसले.

त्यांची ओळख करून देतो. पहिली ती एका पायाची चप्पल. तोरा असा, की जणू ती बुडता बुडता पोहून किनाऱ्याला लागली. खरं तर बुडाली तिची बहीण, ही नुसती आईच्या पायात होती. दुसरी बाबांची टोपी. भिजून तिचा पुढचा भाग वाकडा झाला, आणि तो वाकडेपणा ती दागिन्यासारखा मिरवते. तिसरा ताईचा गॉगल, एकाच काचेचा. चौथा दादाच्या मनगटावरचा कागदी पट्टा. तो तर सगळ्यात नाकाने कांदे सोलणारा. त्याच्यावर पार्कचा शिक्का आहे ना, म्हणजे तो पार्कचा सरकारी पाहुणा. आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे फोटो. होडी खाली येताना तिथला कॅमेरा आपोआप फोटो काढतो. त्यात चौघांची तोंडं उघडी आहेत आणि बाबांचे डोळे गच्च मिटलेले आहेत.

हे सगळे त्या होडीत होते. मी नव्हतो. माझ्या अंगावर होडी छापली असून मी नव्हतो, आणि धड पायातही घालता येत नाही अशी ती चप्पल होती. सांगा, अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय होईल?

पाहुणे आले की मला कपाटावरून खाली काढायचे. मी दर वेळी वेड्यासारखा खूश व्हायचो. पण झाकण उघडलं की माझं काम संपलं. हात माझ्या पोटात जायचे, फोटो बाहेर यायचा आणि हशा पिकायचा. मी उघड्या तोंडाने शेजारी बसून राहायचो. माझ्यावरचं चित्र कुणी बघितलंच तर म्हणायचं, "छान आहे डबा. डाळ ठेवायला बरा."

या घरात एक रीत होती. दरवर्षी त्या सहलीच्या दिवसाला सगळे 'होडीचा दिवस' म्हणायचे. खरी होडी आधी अंधाऱ्या गुहेतून जायची, म्हणून दुपारी पडदे ओढून खोलीत अंधार करायचा. बाबा चार खुर्च्या एकामागे एक मांडायचे. टोपी, चप्पल, गॉगल, पट्टा ज्याचा त्याने घालायचा. फोटो समोर टेकवून ठेवायचा. मग पंखा मोठा करून वारा, कपड्यांवर मारायच्या फवाऱ्याने पाणी आणि बाबांच्या तोंडचा घर्रर्र आवाज. शेवटी सगळ्यांनी खुर्च्या मागे कलंडवायच्या, हात वर करायचे आणि ओरडायचं. शेजारच्यांना आधी वाटायचं यांच्याकडे चोर शिरले. पुढे तेही सरावले.

दोन-तीन वर्षांनी घरात एक नवं माणूस आलं. सगळ्यात धाकटी. आईच्या शिवणाच्या टेबलाखाली बटणं गोळा करत रांगायची, म्हणून तिचं नावच बटण पडलं. खरं सांगतो, सुरुवातीला मला तिचाही हेवा वाटला. मला वर्षातून चारदा खाली काढायचे आणि हिला दिवसातून चाळीसदा उचलून घ्यायचे.

पण बटण बोलायला लागली आणि तिने फोटोवर बोट ठेवून विचारलं, "मी कुठंय?"

"तू तेव्हा नव्हतीस," ताई म्हणाली.

"कुठे होते मग?"

"कुठेच नव्हतीस."

त्यानंतर हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. जेवताना कुणीतरी म्हणायचं, आठवतं का, बाबांनी डोळे मिटले होते. सगळे हसायचे. बटणही हसायची, कारण सगळे हसतायत. मग विचारायची, का मिटले होते? आणि घास चावता चावता उत्तर यायचं, तू तेव्हा नव्हतीस. कुणी वाईट मनाने म्हणायचं नाही. पण दार हळूच लोटून आतून कडी लावून घ्यावी तसं ते वाक्य होतं. तिला पुन्हा तिकडे नेऊ म्हणावं, तर पार्कच बंद पडला होता. तिथे आता गोदामं झाली आहेत, असं बाबांनीच एकदा सांगितलं. म्हणजे बटणला ती होडी जन्मात मिळणार नव्हती.

होडीच्या दिवशी तिने पाचवी खुर्ची ओढत आणली. बाबांनी ती उचलून बाजूला ठेवली. बाबा मनाने फार मायाळू, पण पेशाने लिफ्टवाले. लिफ्टमध्ये पाटी असते ना, इतकी माणसं, त्याहून जास्त नाही. त्यांच्या डोक्यात ती पाटी कायमची बसलेली. "होडी चौघांची होती बाळा," ते म्हणाले. "चौघांची म्हणजे चौघांचीच. तू असं कर, तू तिकीट तपासनीस हो. तपासनिसाशिवाय होडी सुटतच नाही."

त्यांना वाटलं, आपण पोरीला सगळ्यात मोठा मान दिला. त्यांनी तिला कागदाला भोक पाडायचं यंत्रही दिलं. बटण दाराशी स्टुलावर बसायची, चौघांच्या तिकिटांना भोक पाडायची, आणि भोकातून निघालेल्या टिकल्या माझ्यात टाकायची. मग होडी सुटायची आणि आम्ही दोघं दाराशी. आत वारा, पाणी, आरडाओरडा. इकडे ती आणि पोटात नुसत्या टिकल्या घेऊन मी. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळायचं, की हिच्याही पोटात दुखतंय. त्या घरात माझ्या जातीचं ते एकच माणूस होतं.

यंदा बटण पहिलीत गेली. होडीच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती मला मांडीवर घेऊन माझ्यावरच्या चित्रात माणसं मोजत बसली होती. दादाने बघितलं आणि चिडवलं, "तू तिथे असतीस तरी तुला बसू दिलं नसतं. दाराशी खूण होती. तिच्याएवढी उंची नसेल तर परत."

तिने मला खाली ठेवलं, आईच्या टेबलावरून मापाची टेप आणि कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि ती दाराच्या चौकटीपाशी गेली. बराच वेळ तिथे तिची खुडबुड चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढले. खुर्च्या मांडल्या. बाबा टोपी घालून तिकीट घेऊन दाराशी आले. बटणच्या गळ्यात टेप होती. तिने चौकटीवरच्या खडूच्या रेघेकडे बोट दाखवलं. "इथे उभे राहा."

बाबा हसत उभे राहिले. रेघ त्यांच्या पोटाशी आली.

"तुमची उंची जास्त आहे. परत."

"अगं, उंची कमी असली तर सोडत नाहीत."

"इथे जास्त असली तर सोडत नाहीत."

आई आली, परत गेली. ताई आली, परत गेली. दादाने टाचा वर केल्या, मग गुडघे वाकवले, पण तिने त्याला टेप लावून मापलंच. "बाबा, ही खेळ बिघडवतेय," दादा कुरकुरला.

"तपासनिसाचं ऐकावं लागतं," बाबा म्हणाले. "पण बाई, मग होडीत बसणार कोण? रिकामी कशी सोडायची?"

"मी बसणार. आणि डबा."

मित्रांनो, मी दचकलो.

"डबा कशाला?" ताईने विचारलं.

"तोपण तेव्हा आत गेला नव्हता. आई म्हणते ना, बाहेरच्या दुकानातून घेतला. आम्ही दोघंच नव्हतो." तिने टेप दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

बाबांनी टोपी काढली. त्या चार खुर्च्यांकडे ते असे बघत राहिले, की जणू त्या दुसऱ्याच कुणी मांडल्या असाव्यात. "इतकी वर्षं पोरीला मीच दाराशी बसवलं," ते आईला हळूच म्हणाले. आईने मान हलवली. तिचेही डोळे भरले होते.

मग बाबांनी नाक पुसलं आणि कामाला लागलेल्या माणसासारख्या बाह्या वर केल्या. "एकच प्रवासी? वजन कमी आहे. मग हिला खरंच खाली सोडता येईल." त्यांनी खुर्च्या हलवल्या. पलंगावरची गादी ओढून सोफ्यावरून जमिनीपर्यंत तिरकी टाकली. धुण्याचा लाल टब आणला, सोफ्यावर ठेवला. बटण टबात बसली. तिने मला मांडीवर घेतलं, चित्र पुढे करून. आणि माझ्या पोटातली ती सगळी मंडळी? चप्पल, टोपी, गॉगल, पट्टा आणि महाराणी फोटो. सगळे काढून टेबलावर ठेवलेले, नुसते बघत. मी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, पाहिलं.

या वेळी चौघे मिळून गुहा झाले. आईने काळी साडी आमच्या डोक्यावरून फिरवली. ताईने बॅटरी चमकवली. दादाने फवारा असा मारला, की टबात तळं झालं. बाबांचा घर्रर्र वाढत गेला, टब कडेला आला, क्षणभर अडला आणि सुटला.

बटणने दोन्ही हात वर केले. हात वर केल्यावर मला धरणार कोण? मी तिच्या मांडीवरून उडालो, हवेत गरागरा फिरलो आणि टेबलाच्या पायावर जाऊन आपटलो. धाडकन. अगदी भिंतीपलीकडून ऐकू यायचा तसा. आणि बटण किंचाळली, मग पोट धरून हसली, इतकी की तिला उठता येईना.

"मला पण एकदा," दादा म्हणाला. टेप पुन्हा निघाली. त्याची उंची अजून जास्तच होती.

माझ्या कोपऱ्याला मोठा पोचा पडला होता. होडीचं नाक आत गेलं होतं आणि झाकण धड बसत नव्हतं. बाबांनी मला उलटसुलट करून बघितलं आणि हत्यारांच्या पिशवीतून छोटी हातोडी काढली. "दोन मिनिटांत सरळ करतो."

बटणने त्यांचा हात धरला. "नको बाबा. तो पोचा होडीतला आहे."

बाबांनी हातोडी परत पिशवीत टाकली. आईने मला शिवणातलं इलास्टिक बांधलं, झाकण निघू नये म्हणून.

आता घरी कुणी आलं, की बटण मला घेऊन पळत येते. झाकण उघडत नाही. आधी पोचा दाखवते, त्यावर बोट ठेवायला लावते, आणि तो कसा पडला ते पहिल्यापासून सांगते. आत अंधारात चप्पल धुसफुसते, पट्टा कडेला अंग घासतो. त्यांच्या पोटात काय दुखतंय ते मला बरोबर माहीत आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, तुम्हीही सहलीला जाल, वस्तू आणाल, डब्यात घालून जपाल. जरूर जपा. पण घरात मागून आलेलं कुणी असेल, धाकटं भावंड, नवी वहिनी, अगदी कुत्र्याचं पिल्लूसुद्धा, तर त्याला 'तू तेव्हा नव्हतास' एवढंच सांगून मोकळे होऊ नका. त्याच्यासाठी जागा करा. जागा नसेल तर त्याच्यासाठी दुसरी होडी सोडा. आणि त्यात एखादा डबा चेपलाच, तर मेहेरबानी करून त्याला ठोकून सरळ करू नका.