कवटीचे सदरे

रिसोडच्या बसस्टँडमागे शफीक टेलरचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, एक बाकडं आणि मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको सरवरी. मूलबाळ नव्हतं. शाळेच्या खाकी चड्ड्या आणि म्हाताऱ्यांच्या बंड्या शिवता शिवता शफीकची चाळिशी उलटली होती. आपल्या हातात कला आहे हे कोणी कधी ओळखलं नाही, याची खंत त्याला आतून खात असे.

शहात्तरच्या हिवाळ्यात गावात तंबूचं टॉकीज आलं. त्यात समुद्रातल्या डाकूंचा सिनेमा लागला आणि पोट्ट्यांना वेड लागलं. समुद्र त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता. सिनेमा लागून आठवडा झाला नसेल, तोच रिठदचा जगदेव भिंतीला सायकल टेकवून दुकानात शिरला. तिथल्या मारोतराव शेतकऱ्याचा हा एकुलता एक मुलगा. विशीतला, मॅट्रिक नापास, बोलायला मोठा गोड.

"चाचा, मले डाकूचा सदरा पाह्यजे. काळा. फुगलेल्या बाह्यांचा. अन् छातीवर कवटी."

"लगन कराचं वय तुह्यं, अन् कवटी घालून फिरतं?" शफीक हसला.

पण संध्याकाळी तो स्वतः तिकीट काढून तंबूत जाऊन बसला. बाह्यांचा आकार त्याने नजरेनेच उतरवला. झेंड्यावरची कवटी मात्र अशी भर्रकन सरकायची की दात मोजेपर्यंत नाहीशी. मग त्याला रिठदच्या रस्त्यावरची विजेची डीपी आठवली. तिच्या खांबावर धोक्याची पाटी होती, तिच्यावर कवटी आणि दोन हाडं. दुसऱ्या दिवशी तो कागद-पेन्सिल घेऊन खांबाखाली उभा राहिला आणि ती उतरवून आणली. पांढऱ्या लठ्ठ्याच्या कापडातून कवटी कापली, सरवरीने कडेने बारीक टाके घातले. सदरा झटकून समोर धरला तेव्हा सरवरी दचकलीच.

"या अल्ला, ये तो हँस रही है!"

जगदेव तो सदरा घालून बाजारात फिरला आणि दुकानापुढे पोट्ट्यांची रांग लागली. सदऱ्यांमागून कमरेचे लाल पट्टे आले, डोळ्यावरच्या पट्ट्या आल्या, कवटीचे रुमाल आले. जनरल स्टोअर्सवाल्या उत्तमचंद शेठने काचेचं एक कपाट त्यासाठीच रिकामं केलं आणि अकोल्याहून पितळी बाळ्या, कवटीच्या अंगठ्या, पत्र्याच्या तलवारी आणल्या. एका लग्नात तर दोस्तांनी नवरदेवाला आहेर म्हणून कवटीचा रुमालच दिला. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, की समुद्रातल्या लुटारूंना मराठीत चाचे म्हणतात. तेव्हापासून शफीकचाचा दुहेरी चाचा झाला. संध्याकाळी बाकड्यावर जागा उरत नसे. सरवरी चहा टाकता टाकता पोट्ट्यांचा गोंधळ ऐकत राही. त्या घरात इतका आवाज कधी झालाच नव्हता.

"चाचा, कवटी हुबेहूब कशी काढली तुमी?" जगदेवने एकदा विचारलं.

"असली कवटी तर तुह्याच वाटेवर टांगली आहे, डीपीवर. मी तिची नकल मारली."

"मंग तेच आणतो ना! तुमच्या दुकानाले बोर्ड नाई. माह्याकडून भेट!"

सगळे हसले. शफीकही हसला. "आण, आण," म्हणाला.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी लाइन गेली होती. असं रोजच व्हायचं. जगदेव पक्कड घेऊन डीपीच्या खांबावर चढला. पाटीची एक बाजू त्याने सोडवलीही. दुसऱ्या बाजूला हात पोचेना म्हणून तो आणखी वर सरकला, आणि त्याच वेळी लाइन आली.

शफीक धावत पोचला तेव्हा जगदेवला खाली घेतलं होतं. सदरा छातीशी जळून चिकटला होता. पाटी एका खिळ्यावर लोंबकळत होती. लोक एकमेकांना विचारत होते, चढला काहून?

शफीकला ते ठाऊक होतं. जगदेवची माती उरकल्यावर तो मारोतरावाच्या ओसरीवर गेला आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. पाटी, बोर्ड, भेट, आपलं ते "आण, आण." जगदेवची आई रुपाबाई दाराआड बसली होती. तिने मान वर केली नाही.

"तुमी नको नाई म्हटलं?" मारोतरावाने विचारलं.

"मले मजाक वाटला."

"मलेही वाटला असता," मारोतराव म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या, कानाखाली मारली असती, तर शफीकला घरापर्यंत चालत येणं जमलं असतं. तो वाटेत बांधावर बसून राहिला. सरवरीच त्याला शोधत आली.

पोट्टे आता सदरे टाकून देतील असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. महिना झाला नसेल, तेवढ्यात उत्तमचंद शेठ दुकानात आला.

"शफीकभाई, पोट्टे लय मागून राह्यले. जगदेवसारखा पाह्यजे म्हंतात."

"ते बंद झालं, शेठ."

"तुमी नाई तर दुसरा शिवंन. मी कोणाकोणाले थांबवू?"

आणि खरंच, शेजारच्या मालेगावच्या कुण्या टेलरने शिवलेले गठ्ठे एसटीच्या टपावरून उतरू लागले. कवट्या वाकड्यातिकड्या होत्या, शिलाई उसवलेली होती. तरी ते खपत. शफीक दुकानातून पाहत बसे.

एका बाजाराच्या दिवशी रुपाबाई मिरच्या घ्यायला आली होती. समोर एक पोट्टा काळा सदरा घालून पाठमोरा उभा होता. तिने हातातली पिशवी टाकली आणि मागून त्याची बाही धरली.

"जगदेव!"

पोट्टा वळला. ओळखीचा नव्हता. आधी हसला, मग घाबरला. "सोडा ना काकू." तिने सोडली नाही. त्याच्या तोंडाकडे पाहत बाही आणखी घट्ट आवळली. भोवती माणसं जमली. शफीक उठून तिथे गेला आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. बोटं थंड आणि लाकडासारखी ताठ होती. रुपाबाईने त्याच्याकडे पाहिलं, पण हा कोण हे तिला कळलंच नाही.

त्या दिवसानंतर शफीक मशीनवर बसला नाही. बाजार समितीत कापसाची जड गाठोडी, बोंद्रे, उचलायला जाऊ लागला. ते काम त्याच्या वयाचं नव्हतं, आणि शरीराचंही नव्हतं. कोणी कापड घेऊन आलं, की सरवरी दारातूनच परत पाठवी. संध्याकाळी तो पालथा पडे आणि ती त्याच्या सुजलेल्या खांद्यांना तेल चोळे.

"कब तक चलेगा ऐसा?" एकदा तिने विचारलं.

त्याने दुसरा खांदा तिच्याकडे केला. ती तेल चोळत राहिली.