दोघांत एक वकील

चामोर्शीत घर विकत घेताना वकील एकच लागतो, आणि तो विकणाऱ्याचा असतो. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण पाळतात सगळे. घेणारा आणि विकणारा शेजारी शेजारी बसतात, समोर वकील, टेबलावर पेढ्यांचा पुडा. फी अर्धी अर्धी. ज्याने आपला वेगळा वकील आणला, त्याने समोरच्याला चारचौघांत चोर म्हटलं असंच लोक धरतात आणि पुढे दहा वर्षं त्याची आठवण काढतात.

कय्यूम मन्सुरी तर कुणाला चोर म्हणणाऱ्यातला मुळीच नव्हता. गाद्या-रजया भरायचा त्याचा धंदा. बाजाराच्या रस्त्यावर पुढे कापूस पिंजायची मशीन आणि मागे दोन खोल्या, अशा घरात तो एकोणीस वर्षं भाड्याने राहत होता. घर भैयाजींचं. भैयाजींची धानाची गिरणी होती, बायको वारलेली, एकुलती पोरगी नागपूरला दिलेली. २००३ च्या उन्हाळ्यात गिरणी बंद करून ते पोरीकडे जायला निघाले आणि कय्यूमला म्हणाले, “घर तूच घे. बाहेरच्याले द्याचं म्हनलं तं जीव होत नाई. घरचा मानूस म्हनून भाव कमी लावतो.”

भाव खरंच कमी होता. कय्यूमला आनंदाने दोन दिवस जेवण गेलं नाही. रजिस्ट्रीचा दिवस पुढच्या पंधरवड्यातला ठरला, आणि कागदपत्रं भैयाजींचे लटारू वकील करणार हेही ठरलं. ठरलं म्हणजे कुणी काही बोललंच नाही.

बोलली ती शमीम, त्याची बायको.

“आपला वकील कोन हाये?” तिने विचारलं.

“लटारू वकील.”

“ते तं भैयाजीचे.”

“दोघायचे.”

“दोघायचा वकील म्हंजे कोनाचाच नाई,” शमीम म्हणाली. “गिऱ्हाइकाले कापूस दाखवाले तुमी शिवलेली गादी उसवता. आन इथी जिंदगीभराची कमाई घालून राह्यलो, त्याचे कागद उसवून पाहाले तुमाले लाज वाटते?”

कय्यूमला लाजच वाटत होती. शमीमचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा भैयाजींनी मध्यरात्री जीप काढून तिला चंद्रपूरला नेलं होतं. त्या माणसासमोर वकील उभा करायचा? तो म्हणाला, “पाण्यात राहून माशाशी वैर करू काय?” शमीम म्हणाली, वैर कोण करतंय, तपासायला काय जातं. असं तीन दिवस चाललं. शेवटी कय्यूमने नवऱ्याचं जुनं हत्यार काढलं. ‘बघतो’ म्हणाला, आणि बघितलं नाही. तेव्हा शमीमने बायकोचं त्याहून जुनं हत्यार काढलं. ती बोलायचीच थांबली.

चौथ्या दिवशी तो एसटीत बसला.

शमीमच्या भावाने चंद्रपूरच्या एका मोठ्या वकिलाचं नाव सांगितलं होतं. कय्यूमचा हिशेब असा, की चंद्रपूरला दाखवलं तर चामोर्शीत कुणाला कळायचं नाही. तिथे दोन तास बाकावर बसल्यावर आत बोलावणं आलं. वकिलाने कागदाच्या पहिल्या पानावर नजर टाकली, दुसरं पान उलटलंही नाही, आणि “होऊन जाईल” म्हणाले. काय होऊन जाईल हे विचारायच्या आत पुढचा पक्षकार आत आला होता. येताना कय्यूमने लटारू वकिलांनाही गाठलं, सहज विचारावं तसं विचारलं. तेही म्हणाले, “अरे, होऊन जाईल ना. भैयाजीचं घर हाये.”

“म्हंजे दोघंबी एकच बोलले,” तो घरी येऊन म्हणाला. “आता तं झालं समाधान?”

“आता तिसरीकडे चला,” शमीम म्हणाली.

तिसरी म्हणजे दीपिका उसेंडी. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची, वडील वनमजूर, नागपूरला शिकून आलेली. तहसील कचेरीमागे झेरॉक्सच्या दुकानाला लागून तिची खोली होती, आणि तिच्याकडे अजून फारसं कुणी जात नसे. शमीमने तिला बचत गटाच्या बैठकीत एकदा ऐकलं होतं. एका बाईने वारसाचा काही अवघड प्रश्न विचारला, तर ही सरळ म्हणाली, मला आत्ता माहीत नाही, बघून सांगते. आणि आठ दिवसांनी त्या बाईच्या घरी जाऊन खरंच सांगून आली. शमीमने तेव्हाच मनात नोंद करून ठेवली होती. जो वकील ‘माहीत नाई’ म्हणतो त्याच्या ‘माहीत हाये’ला किंमत असते, असं तिचं म्हणणं.

दीपिकाने कागद ठेवून घेतले. आधी सातबारा पाहिला, मग जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याच्या नोंदी, काढायला दोन दिवस कचेरीत हेलपाटे घातले. कय्यूमची मात्र या दिवसांत पंचाईत झाली. रस्त्यात भैयाजी दिसले की तो मशीन सुरू करायचा, म्हणजे बोलावं लागू नये. भैयाजी हात हलवून पुढे जायचे आणि याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या दिवशी तिने दोघांना बोलावलं.

“कय्यूमभाऊ, घर भैयाजीचं हाये, पन त्याच्याखालच्या जमिनीत घोळ हाये,” ती म्हणाली. “हे पहिले शेत होतं. इतवारी नावाच्या गोंड मानसाचं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरात भैयाजीच्या वडलानं ते घेतलं. आदिवासीची जमीन दुसऱ्याले घ्याची तं कलेक्टरची परवानगी लागते. ती घेतलीच नाई. मी सगळा कागद पाह्यला.”

“इतके वर्षं कोनी काई बोललं नाई,” कय्यूम म्हणाला.

“आता बोललं. इतवारीचा पोरगा इसरू, त्यानं मागच्या पावसाळ्यात जमीन परत मागाचा अर्ज केला. तारखा सुरू हायेत.” तिने कागद त्याच्यासमोर फिरवला. “तो जिंकनच असं मी नाई म्हनत. पन तुमी घर घेतलं का भैयाजीच्या जागी तुमी उभे राहाल. जमीन गेली तं तुमचे पैसे कोनाकडून मागाल?”

कय्यूमला कागदावरचं एक अक्षरही दिसेना. शमीमने विचारलं, “भैयाजीले हे माहीत हाये?”

“नोटीस निघालेली दिसते. ती कोनाच्या हाती पडली ते पान फाइलीत नाई. ते मले माहीत नाई.” दीपिकाने नकलांचा गठ्ठा पुढे सरकवला. “आनखीन एक सांगते. इसरू माह्याच समाजाचा. म्हनून मी असं सांगून राह्यली, अशी शंका आली तं ह्या नकला घेऊन जा आन दुसऱ्या वकिलाले दाखवा. मले राग येनार नाई.”

शमीम म्हणाली, “दाखवाची गरज नाई.”

परत येताना रस्त्यात शमीम नवऱ्याची समजूत काढत राहिली. तिला जिंकल्याचा आनंद नव्हता. त्या मागच्या खोलीत दोन लेकी वाढल्या होत्या, आणि पक्की मोरी कुठे बांधायची हे तिने खडूने फरशीवर आखूनसुद्धा ठेवलं होतं. “बुढ्याले कुठी माहीत असन,” ती म्हणाली. “वडलाच्या वक्ताचं. नोटीस त्या बंद गिरनीच्या दाराखाली सरकवून गेले असतीन. तुमी जाऊन नीट सांगा. नाईतर थो दुसऱ्याले विकून बसन आन म्हातारपनी त्याच्या गळ्यात लफडं पडन.”

कय्यूमला हे इतकं पटलं की त्याचं ओझंच उतरलं. वेगळा वकील केला ही आता चोरी राहिली नव्हती, उलट भैयाजींवरचे उपकार झाले होते. तो तसाच त्यांच्याकडे गेला.

भैयाजी ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. आत अर्धं सामान बांधून झालं होतं. कय्यूमने सगळं सांगितलं: शमीमचा हट्ट, दीपिकाकडे गेल्याचं, इतवारी, अठ्ठ्याहत्तर साल, इसरूचा अर्ज. मधेमधे ‘माफ करा’ही दोनदा म्हणाला. भैयाजींनी एकदाही ‘काय सांगतोस’ म्हटलं नाही. ते बाजाराच्या रस्त्याकडे बघत राहिले. तेव्हा कय्यूमच्या बोलण्याचा वेग कमी कमी होत गेला.

“नोटीस माह्याच हाती पडली होती,” भैयाजी म्हणाले. “सही केली मी.”

कय्यूमला वाटलं, ते पुढे काही सांगतील.

“मंग मले काऊन विकून राह्यले होते?” त्याने विचारलं. आवाज चढवला नाही, त्याला चढवता येतही नव्हता.

“पहिले गोंडपिपरीच्या एका व्यापाऱ्याले दाखवलं होतं. जास्त भाव द्याले तयार होता. पन थो दुसऱ्या दिवशी आपला वकील घेऊन आला. मीच नाई म्हनलं.” भैयाजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला. “गिरनी बुडाली कय्यूम. पोरीच्या घरी रिकाम्या हातानं कसा जाऊ? तू वकील आननार नाई, हे मले ठाऊक होतं. वकील तं गावात कोनीच आनत नाई, पन मागून चुपचाप कागदबी तपासनार नाई असा तू एकच होता.”

घराचं वाईट वाटायला आयुष्य पडलं होतं. कय्यूमला त्या क्षणी वाईट वाटलं ते त्या कमी भावाचं. त्या भावावर तो दोन दिवस उपाशी नाचला होता. एकोणीस वर्षांचा जो भरवसा तो आपली दौलत समजत होता, तोच या माणसाने आपली सोय म्हणून हेरून ठेवला होता. आणि तरी समोरचा माणूस म्हातारा होता, एकटा होता, आणि त्याने खोटंही बोलून पाहिलं नव्हतं. कय्यूमला राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं रडू आलं, आणि ते भैयाजींसमोर नको म्हणून तो उठला.

“शमीमले सांगशील?” भैयाजींनी मागून विचारलं.

कय्यूम चपला घालून निघाला.

घरी शमीम दारातच उभी होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि आधी पाणी दिलं. तो प्यायला.

“सांगितलं?”

“सांगितलं.”

“काय म्हनले? माहीत होतं त्याइले?”

कय्यूमने पेला खाली ठेवला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या बाईशी तो क्वचितच खोटं बोलला होता, बोलला तेव्हा दर वेळी पकडला गेला होता.

“नाई,” तो म्हणाला. “त्याइले काईच माहीत नव्हतं. ऐकून घाबरूनच गेले.”

शमीमने सुटकेचा श्वास सोडला. “मी म्हनलं नव्हतं? थो मानूस तसा नाई. उगाच मी वकील-वकील करून त्याइचं मन दुखावलं.” ती चुलीकडे वळली. “एकटे हायेत बिचारे. आज भाकरी त्याइच्यासाठीबी टाकते. नेऊन द्याल?”

“देतो,” कय्यूम म्हणाला.